तिथं काहीच नव्हतं

सिनेमा सुटून पाच मिनिटंही झाली नव्हती. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर पडायला गाड्यांची रांग लागली होती, मागून कुणीतरी उगाच हॉर्न मारत होतं आणि माझ्या कानांत शेवटच्या लढाईचे ढोल अजून वाजत होते. भाचा मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. सातवीत आहे. एकदम त्यानं दोन सीटांच्या मधून फोन पुढं सरकवला. "आत्या, हे बघ." आम्ही नुकताच पाहिलेल्या सिनेमाच्याच शूटिंगचा व्हिडिओ होता. निळ्या कापडानं मढवलेल्या भिंती, जमीनही निळीच, मधोमध एक लोखंडी सांगाडा, त्यावर मांड ठोकून बसलेला नायक आणि त्याच्या केसांवर वारा सोडणारा भलामोठा पंखा. हत्ती नाही, दरी नाही, किल्ला नाही. "बघितलंस? तिथं काहीच नव्हतं," तो म्हणाला आणि पुढच्या व्हिडिओकडे वळला.

तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. फसवलं गेल्याचा रागही नव्हता. शाळेत नवीन कळलेली गोष्ट घरी येऊन सांगावी, तसं त्यानं सांगितलं. पण थोड्याच वेळापूर्वी, तो हत्ती कड्याच्या टोकाशी पाय रोवून थांबला तेव्हा, हाच मुलगा खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. तोंडातला पॉपकॉर्न चावायचंही त्याला सुचत नव्हतं. माझ्या दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई होत्या, साठीच्या असाव्यात. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. हत्ती मागं फिरल्यावर त्यांना भान आलं आणि "सॉरी हं" म्हणून त्यांनी ते सोडलं. तिथं काहीच नव्हतं, तर त्यांनी मनगट कशाला धरलं? गंगापूर रोडनं घरी येईपर्यंत हेच डोक्यात होतं, आणि पुढं कितीतरी दिवस ते गेलं नाही.

सिनेमाच्या पडद्यामागं काय असतं ते मला फार लहानपणी पाहायला मिळालं. सारडा सर्कलजवळ वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. जळून आलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं आणि सगळ्यावर वार्निशचा वास. शहरातल्या एक-दोन टॉकीजची कामंही त्यांच्याकडे यायची. त्या जुन्या प्रोजेक्टरांत बल्ब नसे. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणायच्या, त्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटवायची आणि तिच्या उजेडावर अख्खा सिनेमा चालवायचा. त्या ज्योतीला डीसी करंट लागतो, त्यासाठी रेक्टिफायर असतो, आणि तो बिघडला की टॉकीजचा पोऱ्या सायकल दामटत दुकानात येऊन उभा राहायचा. १९९४ च्या पावसाळ्यात एका रविवारी असाच निरोप आला. शाळेला सुट्टी होती, म्हणून वडिलांनी मला लूनावर मागं बसवून नेलं.

लोखंडी जिना चढून गेल्यावर केबिनचं दार होतं. आत एवढं उकडत होतं की बाहेरचा पाऊस क्षणात विसरायला झालं. दोन मशिनं शेजारी शेजारी, माझ्यापेक्षा उंच. दोन्हींच्या डोक्यावरून धूर बाहेर नेणारे पत्र्याचे पाइप. जळलेल्या कार्बनचा वास नाकात घुसून घशापर्यंत जायचा. वडील रेक्टिफायर उघडून बसले आणि मी उगाच कशाला हात लावू नये म्हणून ऑपरेटरकाकांनी माझ्या हातात फिल्मचा एक तुकडा दिला. प्रिंट तुटली की सांधताना कापून टाकलेला, वीतभर लांबीचा. मी तो बल्बसमोर धरला. बारा चित्रं होती आणि बाराही सारखी. काळोखात उभी असलेली एक जीप, काचेवर पाणी. पहिल्या चित्रात होती तशीच शेवटच्या चित्रात. मला वाटलं, फिल्म खराब आहे.

वडिलांनी स्क्रू फिरवता फिरवता समजावून सांगितलं. एका सेकंदाला चोवीस चित्रं जातात, तुझ्या हातात आहे तो अर्धा सेकंद. मशीनमध्ये चार खाचांचं एक चाक असतं. ते फिल्मला सलग ओढत नाही, धक्क्याधक्क्यानं ओढतं. एक चित्र येतं, थांबतं, त्यावर उजेड पडतो. मग पुढचं चित्र सरकत असताना एक पातं उजेडाच्या आड येतं, म्हणजे सरकणं आपल्याला दिसत नाही. चित्र थांबलेलं असतानाही ते पातं आणखी एकदा आडवं जातं, नाहीतर पडदा लुकलुकतो. "म्हणजे पडदा मधे मधे काळा होतो?" मी विचारलं. वडील म्हणाले, "मधे मधे काय, जवळजवळ अर्धा वेळ काळाच असतो." तीन तासांच्या सिनेमात सगळी मंडळी दीडेक तास नुसत्या अंधारात बसलेली असतात आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणून खुशीत घरी जातात, हे ऐकून मला काय वाटलं ते अजून आठवतं. राग वगैरे काही नाही. आपण गप्प बसून करायची काहीतरी मोठी गोष्ट चालली आहे आणि तिच्यात आपल्यालाही घेतलंय, असं वाटलं. भिंतीतल्या चौकोनी भोकातून मी खाली पाहिलं. शेकडो डोकी, दाटीवाटीनं बसलेली. एकाचाही चेहरा दिसत नव्हता.

रेक्टिफायर चालू झाला. मालकांनी पैशांबरोबर बाल्कनीचे दोन पास दिले आणि तीनच्या खेळाला आम्ही खाली जाऊन बसलो. सिनेमा 'जुरासिक पार्क' होता, हिंदीत डब केलेला. नाशिकच्या त्या टॉकीजपर्यंत पोचायला त्याला पावसाळा उजाडला होता.

पुढं काय झालं ते ज्यांनी तो सिनेमा तेव्हा थिएटरात पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. पाऊस, बंद पडलेल्या गाड्या, आत मुलं. डॅशबोर्डवर पाण्याचे पेले. लांबून काहीतरी धप्प वाजतं आणि पेल्यातल्या पाण्यावर गोल तरंग उठतात. पुन्हा धप्प, पुन्हा तरंग. अजून जनावर दिसलेलंच नाही. त्या जीपची बारा चित्रं मी तासाभरापूर्वी स्वतःच्या चिमटीत धरली होती, ती हलत नाहीत हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी माझ्या पोटात खड्डा पडला. बाल्कनीत कुणाचं तरी तान्हं बाळ रडत होतं, तेही गप्प झालं. मग झाडांच्या वर ते डोकं आलं. सगळ्या टॉकीजनं एकदम श्वास आत घेतला, तो आवाज मला त्या डरकाळीपेक्षाही स्पष्ट आठवतो. मी वडिलांकडे पाहिलं. मोटारीचं कॉइल हातात घेऊन कुठं शॉर्ट आहे ते सांगणारा माझा बाप, केबिनमधल्या प्रत्येक तारेची ओळख असलेला, खुर्चीच्या हाताला दोन्ही पंजांनी धरून बसला होता.

वडिलांना सगळं माहीत होतं, तरीही.

परत येताना लूना होळकर पुलाच्या अलीकडे बंद पडली. वडील प्लग पुसत होते, मी बाजूला उभी होते. रस्त्यावर डबकं साचलं होतं. लांबून एसटी आली, आणि ती जवळ येण्याआधीच डबक्यातलं पाणी थरथरलं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. वडील हसले आणि म्हणाले, "काय जनावर होतं!" यंत्राबद्दल ते दिवसभर बोलत होते, पण त्या क्षणी त्यांना जनावरच आठवलं.

ते जनावर कसं केलं होतं हे मी पुढं मोठी झाल्यावर वाचलं, आणि जितकं वाचलं तितकी त्याच्यावरची माया वाढली. पेल्यातले ते तरंग काही केल्या हवे तसे उठेनात. शेवटी डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणली आणि ती छेडली, तेव्हा पाण्यावर तशी नेमकी गोल वर्तुळं आली. डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचं ओरडणं आहे, वाघ आहे, मगर आहे. जवळून दिसतो तो डायनासोर खरोखर उभा केलेला, चाळीसेक फूट लांबीचा यांत्रिक प्राणी होता. त्याची कातडी फोमची, आणि चित्रीकरण कृत्रिम पावसात. फोम पाणी पिऊन जड झाला की तो अजस्र प्राणी कापायला लागायचा. मग दोन शॉट्सच्या मधल्या वेळात माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. जग ज्याला घाबरलं त्याचं अंग पुसणारी माणसं! आणि दोन तासांच्या सिनेमात सगळे डायनासोर मिळून पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ आपण त्यांची वाट पाहत असतो. ते पाण्याचे पेले, हललेलं एक झाड, घाबरलेला चेहरा, यांतच आपण त्यांना अर्धेअधिक घडवून ठेवलेलं असतं.

आजकालच्या मोठ्या सिनेमांना मी का कंटाळते याचं उत्तर मला वाटतं इथंच आहे. पहिल्या दहा मिनिटांत तीन शहरं कोसळतात, माणूस हवेतून हवेत उड्या मारतो आणि प्रेक्षकांतला एकही हात पॉपकॉर्नच्या डब्यातून बाहेर येत नाही. सगळं करता येतं म्हणून सगळं केलेलं असतं. तिथं माझा भाचा म्हणतो ते अगदी खरं आहे, काहीच नसतं. निळं कापड असतं म्हणून नव्हे. पाण्याच्या पेल्यासाठी अडून बसणारं कुणी नसतं म्हणून. परवाच्या सिनेमात हत्तीच्या प्रसंगाआधी बराच वेळ नुसता एक माहूत काळजीनं आकाशाकडे बघत होता. काय बघतोय ते दाखवलं नव्हतं. शेजारच्या बाईंचा हात तेव्हापासूनच माझ्याकडे सरकत होता, हे आता लक्षात येतंय.

आईचं आणखी वेगळं. 'शोले' १९७५ च्या ऑगस्टात आला. आईनं तो बऱ्याच उशिरा पाहिला, पण त्याआधीच तो तिला पाठ होता, कारण त्याच्या संवादांची रेकॉर्ड निघाली होती आणि गणपतीत, लग्नांत, जिथं लाउडस्पीकर असेल तिथं ती वाजायची. कोण मरणार हेही तिला ठाऊक होतं. पंचवटीतल्या शेजारणींसोबत ती पाहायला गेली, मरणाचा प्रसंग आला आणि सगळ्याजणी पदराला डोळे पुसत बसल्या. मी एकदा तिला विचारलं होतं की, माहीत होतं तर रडलीस कशी? ती म्हणाली, "रामाला वनवासात जायचंय हे काय पहिल्यांदा कळतं का आपल्याला?" आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

आई बोलता बोलता म्हणून गेली, पण तिच्या या बोलण्यामागं आमच्याच गावचा इतिहास आहे. फाळक्यांचा 'लंकादहन' १९१७ सालचा. तो पाहायला लोकांनी गर्दी केली, त्यात एकालाही पुढं काय होणार ते माहीत नव्हतं असं झालं असेल का? लंका जळणार हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. राम आणि सीता दोन्ही भूमिका एकाच माणसानं केल्या होत्या, अण्णा साळुंके यांनी. त्याआधीच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामतीही तेच, आणि मुळात ते उपाहारगृहात काम करणारे. पडद्यावर राम आला की लोक हात जोडत. रामच सीता झाला आहे हे ज्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी हात खाली घेतले असतील असं मला वाटत नाही.

शाळेच्या सहलीला पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात आम्हाला नेत, पण तिथल्या हिरवळीवर डबा खाण्यापलीकडे तेव्हा काही कळलं नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला आणि १९४४ साली नाशिकमध्येच गेलेला हा माणूस सिनेमाच्या आधी खरोखरीचा जादूगार होता, हे फार नंतर समजलं. आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं तो प्रयोग करी. मग मला त्याचं सगळंच काम वेगळं दिसायला लागलं. मुंबईत गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहून भारावलेला हा माणूस पुन्हा पाहायला गेला तो पत्नीला, सरस्वतीबाईंना, सोबत घेऊन. पुढं सिनेमासाठी भांडवल हवं होतं तेव्हा त्यानं कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडी थोडी चित्रं घेतली आणि रोप बघता बघता उगवून वर येतं अशी चिमुकली फिल्म लोकांना दाखवली. पहिलीच जादू, आणि तीही वाटाण्याच्या रोपाची! सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. दागिनेही त्यांनीच दिले. 'तिथं काहीच नव्हतं' असं मला कुणी म्हटलं की अलीकडे त्या अंधाऱ्या खोलीतल्या बाईच डोळ्यांसमोर येतात. त्या होत्या. टॉवेल घेतलेली माणसं होती. ऑपरेटरकाका उकाड्यात कांड्या पुढं सरकवत उभे होते.

हॉलमध्ये बसलेली माणसं तर असावीच लागतात. कोविडच्या काळात थिएटरं बंद होती, तेव्हा हाच डायनासोरचा सिनेमा मी लॅपटॉपवर लावला. चित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ. पेला आला, तरंग उठले, आणि स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी पॉज केलं. गॅस बंद करून परत आले तर तरंग माझी वाट बघत थिजलेले. भीती गेली होती. मी कितीही एकाग्र झाले तरी ती आली नाही, कारण माझ्याबरोबर श्वास आत घेणारं घरात कुणीच नव्हतं. वडीलही तोवर राहिले नव्हते. ज्या खुर्चीत बसून त्यांनी ते जनावर पाहिलं, ते टॉकीजही आता नाही.

एके रात्री भाच्याला मी 'कालिया मर्दन'ची सुरुवात दाखवली. १९१९ चा मूकपट. कृष्ण झाली आहे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी, मंदाकिनी. पण फाळके कृष्ण एकदम आणत नाहीत. आधी साधी मंदाकिनीच दिसते, नाव-वयासकट. ती हसते, रडवेली होते, चिडते, कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते. मग तोच चेहरा बघता बघता विरघळतो आणि तिथं मोरपीस लावलेला कृष्ण उभा असतो. म्हणजे जादूगारानं हात आधी उघडा करून दाखवला, ही माझी पोर आहे, बघून घ्या, आणि मग मूठ मिटली. भाचा सरसावून बसला. "आधीच का सांगून टाकलं? कुणी विश्वास ठेवला असता का मग?" मी म्हटलं, "ठेवला." सिनेमा कसा बनवतात हे दाखवणारी फिल्मसुद्धा याच माणसानं १९१७ सालीच केली होती, हे सांगितल्यावर तर त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि लगेच मोबाइलवर शोधलं. मग विचारलं, "माणूस गायब कसा करायचे?" कॅमेरा हलवायचा नाही, थांबवायचा, माणसाला बाजूला काढायचं आणि पुन्हा चालू करायचा, एवढंच मला माहीत होतं.

पुढच्या शनिवारी गच्चीवरून भांडणाचे आवाज आले. पाण्याच्या टाकीला टेकवून मोबाइल उभा केलेला, समोर त्याची धाकटी बहीण माझी ओढणी पांघरून हात वर करून उभी. तिला गायब करायचं होतं. पण ती बाजूला होईपर्यंत दोरीवरची चादर वाऱ्यानं हलायची आणि जोड उघडा पडायचा. त्यानं चादर काढली. मग ढग आला आणि उजेड बदलला. मग तिची सावली सुटली. मग ती रुसली. "हलू नको म्हटलं ना!" "माझ्या नाकावर माशी बसलीय!" दुपारच्या उन्हात दोघं लालबुंद झाली होती. मी सरबत घेऊन गेले तर मला "आत्या, फ्रेममध्ये येऊ नको" म्हणून हाकललं.

संध्याकाळी त्यानं मोबाइल आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, हातात दिला. आईनं चष्मा लावला. व्हिडिओ सुरू झाला तेव्हा भाचा पडद्याकडे बघतच नव्हता. आईसमोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे बघत होता, नजर न हलवता. मोबाइलमधल्या पोरीनं हात वर केले आणि ती नाहीशी झाली. "अगं बाई!" आई म्हणाली. "गेली कुठं?" पोरगी तिच्या मांडीला टेकूनच बसली होती. आईनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं आणि चष्मा सारखा केला.

"परत लाव बघू."